पाहण्यापुरती परवानगी

काटा खाली होता. फार नाही, नखाच्या रुंदीएवढा. पण खाली होता, आणि इतक्या वर्षांत तिने तो तिथे कधी पाहिला नव्हता. बाळंतपणाच्या रजेवरून परतून आजचा दुसराच दिवस, आणि ती ऑटोक्लेव्हच्या दारासमोर उगीचच थांबली होती. उगीच म्हणजे सवयीने. घरातून निघताना गॅसचं बटण बघतो, तसं येता-जाता या पिंपाच्या कपाळाकडे बघायचं. खोलीएवढं लोखंडी पिंप, त्यात सलाइनच्या भरलेल्या बाटल्या वाफेवर शिजवून निर्जंतुक करायच्या, आणि कपाळावर वाफेचा दाब दाखवणारं पितळी कडेचं गोल घड्याळ. पूर्ण वाफ भरली की त्याचा काटा एकच्या आकड्याला किंचित ओलांडून उभा राहायचा, हनुवटी वर करून. आज तो एकच्या अलीकडे होता आणि तिथेच थरथरत होता. ती दचकून एक पाऊल पुढे सरकली. मग लगेच तिचा तिलाच राग आला, कारण हल्ली ती कशानेही दचकायची.

"मॅडम, त्या म्हाताऱ्याकडे काय बघताय?" मागून भोंगा ओरडला. तो इथला ऑपरेटर. वाफेच्या आवाजात बोलून बोलून त्याचा घसा असा झाला होता की घरी तो कुजबुजला तरी शेजारचे दार उघडतात म्हणे. "इकडे बघा ना, आपल्याकडे टीव्ही आलाय."

टीव्ही म्हणजे नवीन स्क्रीन. ती रजेवर असताना जुनं पॅनल काढलं होतं. काळे चौकोनी कंट्रोलर, त्यांच्या फिरवायच्या चकत्या, त्यांचे टकटक वाजणारे रिले, सगळं गेलं होतं आणि त्या जागी भिंतीत एक गुळगुळीत काच बसली होती. काचेत ऑटोक्लेव्हचं चित्र, चित्राच्या पोटात तापमानाचा हिरवा आकडा. एकशे एकवीस पॉइंट शून्य. तो आकडा इतका शांत होता की ती चिडलीच. जुन्या कंट्रोलरचा काटा कसा, थोडा वर, थोडा खाली, श्वास घेतल्यासारखा हलायचा. हा हलतच नव्हता. झोपलेल्या बाळाच्या छातीवर रात्रंदिवस हात ठेवून बसलेल्या बाईला न हलणाऱ्या गोष्टींचा विश्वास वाटत नाही.

"पण दाबाचा काटा खाली आहे," ती म्हणाली.

"त्याचं वय झालंय हो. त्यालाही काढणार आहेत. साहेब म्हणाले, दोन-दोन घड्याळं असली की माणूस नुसता गोंधळतो."

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, डुलक्या काढणाऱ्या वर्गाला एका मास्तरांनी शिकवलं होतं की पिंपात हवा उरली नसेल, नुसती वाफ असेल, तर दाब आणि तापमान ही जोडी बांधलेली असते. एक खाली गेलं की दुसऱ्याला खाली जावंच लागतं. त्यांना एकमेकांशी भांडता येत नाही. इथे तर काट्याच्या दाबाचा हिशोब म्हणत होता एकशे अठरा-एकोणीस अंश आणि काच म्हणत होती एकशे एकवीस. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि सगळ्या कारखान्याने न विचारता ठरवून टाकलं होतं की खोटं बोलणारा म्हातारा आहे.

तिने काचेवर बोट ठेवलं. आतल्या पानावर जाऊन सेन्सरची मांडणी बघायची होती. काच म्हणाली, पासवर्ड. तिने टाकला. काच म्हणाली, आपणास पाहण्यापुरती परवानगी आहे.

हे वाक्य तिने दोनदा वाचलं. याच भिंतीवरचा एकेक कंट्रोलर तिने आपल्या हाताने उघडून पुसला होता. नवीन सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर बाजूलाच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. सगळे त्याला डेमो म्हणत, कारण काहीही विचारलं की तो म्हणे, एक डेमो देतो ना. "मॅम, तुम्ही रजेवर होतात," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "म्हणून तुमचा रोल व्ह्यूअर ठेवलाय. साहेबांनी सांगितलं की बदलतो. सध्या बघा ना तुम्ही, छान दिसतं सगळं." बघा. छान दिसतं. घरीही गेले कित्येक महिने तिला हेच तर सांगत होते. ढब्बूच्या अंगाला हात लावून सासूबाई म्हणायच्या, "ताप कुठे आहे गं, जरासं कोमट आहे अंग. तू बघत बस नुसती." ढब्बू म्हणजे तिची मुलगी, गालांवरून पडलेलं नाव. आणि ती थर्मामीटर काढायची, पुसायची, लावायची, परत लावायची, आणि नवरा दारातून हसायचा, "झालं का कॅलिब्रेशन? पोरीला सर्टिफिकेट दे आता." ती हसायची. त्याचा विनोद चांगला होता हेच वाईट होतं. एकदा खरोखर ताप निघाला होता, चांगला सणसणीत, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "सारखं मनात आणलं की येतंच मग."

दूध भरून आलं होतं. छाती दगडासारखी झाली की तिला आपण एखादं पिंप आहोत असं वाटे, आतून दाब वाढत चाललेलं आणि कुणी घड्याळ न बसवलेलं. दूध काढायला जागा मागितली तेव्हा ऑफिसातल्या माणसाने लाजून लाजून चावी दिली होती ती भंगाराच्या खोलीची. आतून कडी लागते हाच तिचा गुण. ती केबलच्या रिकाम्या रिळावर बसली, पंप लावला, आणि तो घरघरू लागला. समोर जुनं पॅनल पडलं होतं. तारा तोडलेल्या, त्यांची टोकं कापलेल्या केसांसारखी. आणि सगळ्यात वर, तोंड तिच्याकडे करून, ऑटोक्लेव्हचा कंट्रोलर. त्याच्या काचेवर लाल रेघ. एकशे एकवीसवर नाही; त्याच्या पुढे, एकशे तेवीस आणि चोवीस यांच्यामध्ये.

ती रेघ तिने मारली होती. नेलपॉलिशने. नोकरीला लागली तेव्हा. सेन्सरपासून पॅनलपर्यंतची केबल लांबच लांब, दोनच तारांची, छतावरून फिरून येणारी. तारेचा स्वतःचा विद्युत रोध सेन्सरच्या रोधात मिसळायचा आणि कंट्रोलरला आतली वाफ असते त्याहून गरम वाटायची. तिने ते शोधून काढलं होतं, उड्या मारत साहेबांकडे गेली होती. कंट्रोलर उघडून स्क्रू फिरवते म्हणाली होती. साहेब म्हणाले होते, "स्क्रू फिरवला की सील तुटतं. सील तुटलं की का तुटलं ते लिहावं लागतं. एवढी हुशार आहेस, एक साधी खूण कर ना." तिच्याजवळ पर्समध्ये लाल बाटली होती. सगळे हसले होते. तेव्हापासून इथे कुणी आकडा म्हणतच नसे. शिफ्ट बदलताना जाणारा येणाऱ्याला सांगे, "रेघेवर आहे." बस. कागदावर एकशे एकवीस, काचेवर रेघ, आणि आत खरोखर एकशे एकवीस. खोट्याला खोटं लावून खरं केलेलं. इतकी वर्षं ते चाललं, कारण सगळ्यांना ते माहीत होतं आणि ते कुठेच नव्हतं.

पंप घरघरत होता आणि ती रेघेवरून मागे मागे हिशोब लावत होती. डेमोने आकडा कागदावरून घेतला असणार. एकशे एकवीस. भोंग्याने आणि बाकीच्यांनी विचार केला असणार की नव्या यंत्राला रेघ कशाला, ते तर अचूक आहे. आणि केबल? तिने मान वळवली. भंगारात कंट्रोलर होते, रिले होते, पट्ट्या होत्या. केबल नव्हती. केबल अजून छतावर होती. नवा डोळा बसवला होता जुन्याच चष्म्यामागे. म्हणजे पॅनल बदललं त्या दिवसापासून प्रत्येक खेप अडीच अंश कमी. अडीच अंश म्हणजे काय, कुणालाही विचारा, हसेल. पंखा लावला तरी तेवढा फरक पडतो. पण त्या उंचीवर अडीच अंश उतरले की तेवढ्याच वेळात जंतू मारायची ताकद जवळजवळ निम्मी होते. आणि या बाटल्यांतलं पाणी कुणी तोंडाने पीत नाही. ते सरळ शिरेत जातं.

तिला प्रसूतीची खोली आठवली. आठवली असं नाही, ती तिथे जाऊनच पडली. वर हुकाला टांगलेली बाटली, थेंब, थेंब, आणि कळा. नर्स म्हणत होती, "डोळे मिटा, श्वास घ्या," आणि ती डोळे फाडून लेबल वाचत होती. आपल्याच कारखान्याची बाटली. त्या अवस्थेतही तिला हसू आलं होतं, कारण बॅचचा नंबर पाहून तिला कळलं होतं की ही आपण असतानाची आहे, रेघेवरची आहे. किती निर्धास्त वाटलं होतं. आता त्याच खोलीत दुसरी कुणीतरी पडली असेल. तीही वर बघत असेल. तिला नंबर वाचता येत नसेल. राग असा सरसरत वर आला की हातातली दुधाची बाटली हिंदकळली आणि थोडं दूध पॅन्टवर सांडलं. त्या डागाचाही राग आला, कडीचा, रिळाचा, गोड आवाजात बोलणाऱ्या जगाचा.

साहेबांच्या केबिनमध्ये डेमो आधीच बसला होता. त्यांच्या खिडकीतून मालाचा धक्का दिसे. ट्रक लागला होता, खोकी चढत होती. ती बोलली. तिला वाटलं होतं तितकं नीट बोलता आलं नाही, आवाज चढत गेला. साहेबांनी ऐकून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते. ढब्बू झाली तेव्हा त्यांनी मोठं झबलं-टोपडं पाठवलं होतं. त्यांनी पेन मिटलं आणि म्हणाले, "हे बघ, कालच तू आलीयेस. झोप होत नसेल. माझ्या सुनेचंही असंच झालं होतं, दुधाची बाटली उकळून उकळून वितळवली तिने." डेमो हसला नाही, पण त्याने खाली बघितलं, म्हणजे हसलाच.

"मी बाटली उकळत नाहीये, साहेब. केबल जुनीच आहे का, एवढंच विचारतेय."

"केबल चांगली होती मॅम," डेमो म्हणाला. "आणि सगळे लूप चेक केलेत. प्रत्येक. खोटा सिग्नल दिला, स्क्रीनवर बरोबर आला. सगळं हिरवं आहे. डेमो देऊ?"

"सिग्नल कुठून दिलात?"

"म्हणजे?"

"कुठे उभं राहून दिलात? वर, सेन्सरपाशी? की खाली, पॅनलच्या पाठीमागे?"

त्याची नजर पॅनलच्या दिशेला वळली. पॅनलच्या पाठीमागे एसी आहे, खुर्ची आहे. सेन्सरपाशी शिडी आहे, वाफ आहे, डोक्याला लागणारे पाइप आहेत. सगळे तिथूनच तपासतात. तारेच्या या टोकाला उभं राहून तार तपासली तर तार कशी सापडणार? दाराच्या आतून विचारायचं, बाहेर कुणी आहे का, आणि आपणच उत्तर द्यायचं, नाही.

"खेप कधी संपतेय?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठली. मागून साहेब म्हणाले, "अगं, ऐक तर," पण ते ऐक तर घरातलं होतं, सासूबाईंच्या सुरातलं, आणि तिने ऐकलं नाही.

खेप संपली, वाफ सोडली, पिंप रिकामं झालं. तिच्याकडे एक छोटं खोकं होतं, बटणं फिरवून हवा तेवढा रोध देणारं. सेन्सरच्या जागी ते जोडलं की पॅनलला वाटतं, आत अमुक इतकं गरम आहे. ती शिडी चढली. बाळंतपणातल्या टाक्यांच्या जागी अजून ओढल्यासारखं व्हायचं, तसं झालं. भोंगा खालून ओरडला, "मॅडम, मी चढतो, तुम्ही कशाला! पडलात तर माझी बायको मला घरात घेणार नाही!" तिने वरचं झाकण उघडलं, सेन्सरच्या तारा सोडल्या, खोकं जोडलं. बोटं भाजत होती आणि बरं वाटत होतं. तिने बटणं बरोबर एकशे एकवीसला फिरवली. खाली काचेसमोर भोंगा, डेमो, आणि हो, साहेबही आले होते.

"काय दिसतंय?" ती वरून म्हणाली.

डेमोने एक पाऊल पुढे टाकलं आणि आकड्याकडे असं पाहिलं जणू तो चारचौघांत काही अभद्र बोलला होता.

"अहो, काय दिसतंय ते वाचा!"

"एकशे तेवीस पॉइंट सहा!" भोंग्याने वाचलं, आणि त्याने वाचलं म्हणजे धक्क्यावरच्या हमालांपर्यंत गेलं. मग त्याने तोंडावर हात धरला. त्याच्या चेहऱ्यावरची चेष्टा उतरली होती. "मॅडम," तो पहिल्यांदाच हळू म्हणाला, "म्हणजे आम्ही कच्चंच काढत होतो की काय?"

ती शिडीवरून उतरली तेव्हा तिला वाटलं होतं, आता संपलं. आता सगळे धावतील, फोन होतील, ट्रक थांबेल. तिला तर त्या क्षणी रडू येईल असंही वाटलं, सुटल्याचं. साहेबांनी तिच्या पाठीवर थोपटल्यासारखं केलं, हात न लावता. "शाबास. चांगलं पकडलंस. याचं असं करू, आजच्या आज दोन पॉइंट सहाची वजाबाकी टाकून देऊ या सिस्टीममध्ये. किती वेळ लागेल हो?"

"पाच मिनिटं सर," डेमो म्हणाला. त्याचा रंग परत आला होता.

"झालं तर मग."

"आणि गेलेला माल?"

"लॅबने पास केलाय तो."

"लॅब मूठभर बाटल्या उघडते साहेब. बाकीच्या माणसांत उघडतात."

"आवाज कमी कर." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग अगदी समजुतीने, जणू तिच्याच भल्यासाठी, ते म्हणाले, "परत मागवायचा म्हटला की का ते सांगावं लागतं. का म्हटलं की रेघ येते. ती रेघ कुणी मारली होती गं? मी तर कंट्रोलरला हात लावलेला नाही कधी. घरी लहान मूल आहे तुला. विचार कर जरा." आणि तिला दिसलं की हे आत्ता सुचलेलं नाही. हे त्यांना ती शिडीवर असतानाच सुचलं होतं. कदाचित त्याच्याही आधी, त्या दिवशी, सगळे हसत होते तेव्हाच. खूण तिच्या हाताने करून घेतली होती, म्हणजे खूण तिची.

धक्क्यावर येऊन तिने नवऱ्याला फोन केला. का केला हे तिलाही कळलं नाही. कुणीतरी ओरडायला हवं होतं आणि तिला वाटलं, तो ओरडेल. तो म्हणाला, "तू साहेबांच्या कानावर घातलंस ना? मग तुझं काम झालं. आता डोक्यातून काढून टाक. आणि लवकर निघता आलं तर बघ, ढब्बू बाटली तोंडात धरत नाहीये, आईने तीनदा गरम करून दिली." मागे ढब्बू रडत होती. तो आवाज कानात शिरला आणि परत दूध आलं, ऑफिसच्या कपड्यांत, भर धक्क्यावर, कुणाला न विचारता. शरीर किती मूर्ख, तिला वाटलं, रडणं ऐकलं की धावतं. मग वाटलं, मूर्ख नाही. एवढंच तर एक यंत्र आहे इथे, ज्याचं सेन्सरपासचं टोक अजून जोडलेलं आहे.

"नाही झालं माझं काम," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला भीती वाटत होती. ती लपवण्यात अर्थ नव्हता. नोकरी दिसत होती, साहेब कुणासमोर तरी नेलपॉलिश हा शब्द उच्चारताना दिसत होते आणि त्या शब्दावर सगळे कसे हसतील तेही दिसत होतं. बायकी शब्द. चौकशीत त्याच एका शब्दाने तिचं शिक्षण, अनुभव, शिडी, सगळं पुसलं जाणार होतं. पण भीतीच्या खाली राग होता आणि राग भीतीहून जुना निघाला. बाहेर ट्रकचं एक फळकूट बंद झालं होतं, दुसरं व्हायचं होतं. उघड्या खोक्यातून तिने एक बाटली उचलली. बाटली कोमट होती. दिसायला किती स्वच्छ. लेबलाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, औषध खात्याचा तक्रारीचा नंबर होता. तो तिथे असतो हे इथे कुणी वाचल्याचं तिला आठवत नव्हतं.

खूप वेळ वाजल्यावर एका बाईंनी उचलला. जेवता जेवता उचलल्यासारखा आवाज. "बोला."

ती बोलू लागली. कारखान्याचं नाव सांगितलं, आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. ट्रकचा ड्रायव्हर फळकुटावर हात ठेवून ऐकत उभा राहिला. केबिनचं दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. आधी चालत, मग तिच्या कानाला फोन दिसला तेव्हा जवळजवळ धावत. "ए! कुणाशी बोलतेयस?" ते म्हणाले. "ठेव आधी तो. ठेव म्हणतो ना!"

"जरा मोठ्याने बोला हो," फोनमधल्या बाई म्हणाल्या. "तिकडे फार आवाज आहे. बाटली खराब निघाली, एवढं कळलं मला. किती बाटल्या? एक का दोन?"

साहेबांनी हात पुढे केला होता. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मागे सरकली नाही.

"सगळ्या," ती म्हणाली.